तुळजाराम मामांची सतरावी वही

तुळजाराम मामांच्या कादंबरीत नायक आणि नायिका यांच्यामधलं अंतर फुटांत दिलेलं असतं. पहिल्या प्रकरणात ते त्रेचाळीस फूट आहे. तिसऱ्यात एकोणीस. पाचव्या प्रकरणात नायिकेचा बाप मध्ये येतो म्हणून पुन्हा साठ. नवव्या प्रकरणात, देवळात, प्रसादाच्या रांगेत, ते अडीच फुटांवर येतं, आणि तिथे मामांनी कंसात लिहिलं आहे, "टेप नव्हता, अंदाजे."

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं. मग मी मामांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. त्या दिवशी टेप जवळ नव्हता याचं त्यांना अजून वाईट वाटत होतं.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी जी थोडी घरं उरली आहेत, त्यांत सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागतातच. मामा जमीन मोजणी खात्यात सर्व्हेयर होते. तिरुवैयारुपासून पापनाशमपर्यंतची कितीतरी भातशेतं त्यांनी पायाखाली घातली आहेत. शेतात चारशे फुटांवर झेंडा धरून उभ्या असलेल्या माणसाला ओरडून काही सांगता येत नाही, वारा शब्द खातो. म्हणून सर्व्हेयर हातांनी बोलतो. डावा हात आडवा केला की डावीकडे सरक. उजवा केला की उजवीकडे. दोन्ही हात डोक्यावर नेले की थांब. मामा नोकरीतून निवृत्त झाले, त्यांचे हात झाले नाहीत. पंगतीत वाढणाऱ्याला ते डावा हात आडवा करून भाताचा ढीग डावीकडे सरकवायला लावतात. रिक्षावाल्याला दोन्ही हात डोक्यावर नेऊन थांबवतात, आणि तो बिचारा घाबरून खरोखरच थांबतो. तोंडाने मामा फार थोडं बोलतात, आणि बोलले तरी इतक्या हळू की पुढे झुकून ऐकावं लागतं.

जे थोडं बोलतात त्यातलं निम्मं एकच वाक्य असतं. "जागेवर जाऊन पाहिलं का?" पेपरातली बातमी असो, कोणाच्या लग्नाची बोलणी असोत, मामांचा प्रश्न ठरलेला. माझा बारावीचा निकाल मोबाइलवर आला तेव्हा अम्मा त्यांना सांगायला गेली, तर त्यांनी तेच विचारलं. आमच्या घरात इतकं शिकलेलं कोणीच नव्हतं. अप्पा भाड्याने मालाची ऑटो चालवतात. निकाल खरा कसा ओळखायचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मामांचा प्रश्न सगळ्यांना पटला. अप्पांनी मला त्याच ऑटोत बसवून शाळेत नेलं, मी फळ्यावर माझा नंबर पाहिला, आणि मग घरात पायसम झालं. पुढे कॉलेजात नाव घालतानाही मामा बरोबर आले होते. इमारत पाहून म्हणाले, "पाया बरा आहे. शिक."

आता वह्यांबद्दल सांगते. आम्ही मराठी बोलतो, पण वाचत नाही. शाळा तमिळ, कॉलेज इंग्रजी, मराठी फक्त घराच्या उंबऱ्याच्या आत. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनाही देवनागरी अक्षरं ओळखू येत नाहीत. मला येतात, कारण पाचवीत असताना अम्माने मला हिंदीच्या परीक्षांच्या शिकवणीला घातलं होतं, कोठेतरी उपयोगी पडेल म्हणून. मामांना तीही सोय नव्हती. कोणीतरी पुण्याहून आणून दिलेल्या पहिलीच्या पुस्तकावरून त्यांनी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ही लिपी शिकून घेतली. अननसाच्या चित्राखाली अ गिरवला. आणि अक्षरं हातात बसल्याबरोबर कादंबरी लिहायला घेतली. एका प्रकरणाला एक वही, अशा बावीस वह्या.

मी एकदा विचारलं, तमिळमध्ये का नाही लिहिली. मामा म्हणाले, तमिळमध्ये लिहिली असती तर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानेही वाचली असती. इंग्रजीत लिहिली असती तर मुलाने वाचली असती. या लिपीत लिहिली तर कोणीच वाचणार नाही. मग लिहिली कशाला, असं मी विचारायच्या आत त्यांचे दोन्ही हात डोक्यावर गेले होते.

वह्या पुऱ्या झाल्या आणि मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांचं अक्षर मोजणीच्या नोंदवहीसारखं, मुंग्यांच्या रांगेएवढं बारीक. स्वतःचं लिहिलेलं त्यांना वाचता येईना. म्हणून मला बोलावणं आलं. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर बसून, मोठ्याने एक प्रकरण वाचायचं. मोबदला कॉफी आणि मुरुक्कू. घरचं मराठी मला येत होतं, लिहायचं मराठी मी या वह्यांतून शिकले. माझ्या लिहिण्यात कोठे 'सदर' किंवा 'उपरोक्त' सापडलं तर ते मामांचं आहे, कृपा करून राहू द्यावं.

कारण मामांना प्रेम लिहायचं होतं, आणि भाषा येत होती ती खरेदीखताची. नायिका पहिल्यांदा दिसते ते प्रकरण असं सुरू होतं: "नायिका पद्मा. तिच्या चतुःसीमा: पूर्वेस तुळस, पश्चिमेस गाय, उत्तरेस आई, दक्षिणेस रिकामी जागा. सदर रिकाम्या जागेवर नायक व्यंकट याने मनात हक्क सांगितला. हरकत कोणी घेतली नाही, कारण कोणास ठाऊक नव्हते."

हे ऐकून शेजारच्या जानकी अत्त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या रविवारी त्या स्वतःची चटई घेऊन आल्या. इस्त्रीवाला मुरुगेसन गाडी ओढून मामांच्या तिण्णैसमोर आणू लागला. त्याला मराठीचं अक्षर कळत नाही. सगळे हसले की तो हसायचा आणि हसून झाल्यावर कोणाला तरी तमिळमध्ये विचारायचा, काय झालं म्हणून.

आणि कमला मामी. मामांची बायको. पापनाशमची मुलगी, लग्न होऊन या गल्लीत आली त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. पद्मा म्हणजे मामी हे पहिल्याच रविवारी सगळ्यांना कळलं होतं, पण कोणी तसं म्हणत नव्हतं. मामीही नाही. फक्त मधूनच तिला राहवायचं नाही. देवळातल्या प्रकरणात पद्माने निळी साडी नेसली होती असं मी वाचलं, तेव्हा मामी फटकन म्हणाली, "निळी कोठली? माझी मरून होती." सगळे तिच्याकडे बघायला लागले. मग म्हणाली, "म्हणजे, पद्माला मरून शोभली असती."

मामीला कमी ऐकू येतं. कमी म्हणजे एक कान गेलेला आहे आणि दुसरा जाण्याच्या वाटेवर आहे. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. कानात घालायचं यंत्र आणलं, ते शिट्टी वाजवतं म्हणून मामीने मोहरीच्या डब्यात ठेवून दिलं. ती स्वतःही फार मोठ्याने बोलते, पण कोणी तिच्या कानाशी तोंड नेलेलं तिला खपत नाही. सुनेने एकदा तसं केलं तर मामी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. "मी बहिरी नाही, तुम्ही लोक पुटपुटता." म्हणून मला ओरडून वाचावं लागायचं. शाळेत प्रार्थना सांगताना सुद्धा माझा आवाज फुटत नसे. त्या तिण्णैवर तो फुटला.

सोळावं प्रकरण कपाटाचं. लग्नात पद्माच्या बापाने तिला सागवानी कपाट दिलेलं असतं. ते व्यंकटच्या खोलीत मावत नाही. व्यंकट दोनदा मोजतो. दार पाच फूट दहा इंच, कपाट सहा फूट. पद्मा शेजारी गेलेली असताना व्यंकट करवत आणून कपाटाचे चारही पाय दोन-दोन इंच कापतो आणि ते आत नेऊन ठेवतो. वर मामा लिहितात, "काम चोख झाले." पद्मा परत येते, कपाटाकडे बघते, पेटी भरते, आणि आडी महिन्यासाठी माहेरी जाते.

यावर सगळ्यांत जास्त मामी हसली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते कपाट अजून आहे, आत, जरा बुटकं.

आमच्याकडे आडीत, म्हणजे आषाढात, नव्या नवरीला माहेरी पाठवतात. महिना संपला की नवरा जाऊन तिला घेऊन येतो. लग्नाच्या वर्षी मामा गेले नव्हते. आडी संपला, पुढचे दोन महिने गेले, आणि मामी पापनाशमलाच राहिली. मग लग्नानंतरची पहिली दिवाळी आली. पहिल्या दिवाळीला जावयाला सासरी बोलवावंच लागतं, आणि जावयाला जावंच लागतं. मामा गेले, तेल लावून न्हाले, सासऱ्यांनी दिलेली नवी वेष्टी, म्हणजे धोतर, नेसले, आणि दुसऱ्या दिवशी मामीला घेऊन आले. हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, कारण मामी हे चाळीस वर्षं सांगते आहे. भाजीवाल्याशी बोलतानाही सांगते. "आमचे हे मला न्यायला नाही आले. वेष्टी न्यायला आले. मी येताना वाटेत सापडले." सगळे हसतात. मीही लहानपणापासून हसत आले. मामा त्या वेळी कोठेतरी दूर, बांधावरच्या दगडाकडे बघावं तसं बघत असतात.

सोळावी वही झाल्यावर पुढच्या रविवारी मामांनी मला अठरावी दिली. मी म्हटलं, मामा, सतरावी राहिली. ते म्हणाले, अजून तपासायची आहे. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाले, ओली झाली आहे, वाळत घातली आहे. तिसऱ्या रविवारी मी लवकर गेले, तर ते त्या कपाटाजवळ वही हातात धरून उभे होते. ओली नव्हती.

त्या दिवशी ते माझ्याशी जितकं बोलले तितकं आधी कधी बोलले नव्हते. मला खाली बसवलं आणि म्हणाले, बावीस वह्या लिहिल्या त्या या एका वहीसाठी. बाकीच्या एकवीस म्हणजे हिच्याकडे जायची वाट. त्यांना वाटलं होतं, लिहून ठेवावं. ज्या लिपीत कोणी वाचत नाही त्या लिपीत ठेवावं, म्हणजे लिहिलंही जाईल आणि लाजही राहील. पुढे कधीतरी, धीर झाला की, एखाद्या दुपारी आपणच मामीला हळू आवाजात वाचून दाखवू. धीर व्हायला सहा वर्षं लागली. तोवर इकडे डोळे गेले आणि तिकडे कान चालले.

"तिला कळायला पाहिजे, मी वेष्टीसाठी गेलो नव्हतो," ते म्हणाले. "तिचा कान आहे तोवर."

मी म्हटलं, मामा, तुम्ही तोंडानेच सांगा ना. ते म्हणाले, सांगायला गेलो तर ती विचारेल, इतकी वर्षं काय केलं. शिवाय हळू सांगितलं तर तिला ऐकू येणार नाही, आणि मोठ्याने मला येत नाही. मग वही माझ्या हातात दिली. मी एकोणीस वर्षांची. मला कोणी कधी इतकी मोठी वस्तू सांभाळायला दिली नव्हती. मला खूप भीती वाटली. वाटलं, चुकून एखादी ओळ गाळली तर?

पाच वाजता सगळे जमले. मामा दाराच्या दुसऱ्या बाजूच्या तिण्णैवर जाऊन बसले. मी वाचायला लागले, नेहमीसारखी, ओरडून.

"आडी संपला. व्यंकट पत्नीस आणावयास गेला नाही. कारण: कपाटाचे पाय. आपण काय केले हे त्यास ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी समजले. रविवार पहिला. सकाळच्या पॅसेंजरने पापनाशम येथे उतरला. स्टेशनाबाहेर गेला नाही. बाकावर बसला. बाक सहा फूट. एक माणूस मध्ये बसल्यास दोन्ही बाजूंस सव्वादोन फूट शिल्लक राहते. शिल्लक जागेत कोणी बसले नाही. दुपारच्या गाडीने परत.

"रविवार दुसरा. सदरप्रमाणे.

"रविवार तिसरा. सदरप्रमाणे. कॉफी दोन.

"रविवार चौथा. पाऊस. सदरप्रमाणे."

जानकी अत्त्या म्हणाल्या, ही कादंबरी आहे की स्टेशन मास्तरचं रजिस्टर, आणि सगळे हसले. मुरुगेसनही हसला. मामी हसली की नाही हे मी पाहिलं नाही, माझी नजर वहीवर होती.

"रविवार सहावा. रेल्वेच्या फाटकापर्यंत चालत गेला. फाटक उघडे होते. परत आला.

"रविवार आठवा. तिच्या धाकट्या भावासारखा कोणी दिसला. व्यंकट खांबामागे उभा राहिला. खांबाची रुंदी नऊ इंच. व्यंकटची अठरा."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो मध्येच तुटला. मी मान वर केली. मामांचे दोन्ही हात डोक्यावर होते. थांब. मी थांबले. आता या माणसाचं ऐकायचं की त्याने दुपारी सांगितलेलं ऐकायचं, मला कळेना. तेवढ्यात मामी बोलली. तिने मामांचे हात पाहिलेच नव्हते, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"का थांबलीस? वाच."

मी वाचलं. "रविवार नववा. बाकावर दुसरे कुटुंब बसले होते. उभा राहिला. रविवार दहावा. सदरप्रमाणे. रविवार अकरावा. पद्मा आपणास काय म्हणेल हे व्यंकटास ठाऊक नव्हते. म्हणून आपण तिला काय म्हणावे हे त्याने ठरवले. ते एकच वाक्य होते. विसरू नये म्हणून ते त्याने बाकावर बसून गाडी येईपर्यंत म्हटले. त्याच आठवड्यात सासऱ्याचे दिवाळीचे आमंत्रण आले. मग जाणे रीतीचे झाले, पद्मा रीतीने परत आली, आणि वाक्य म्हणण्याची गरज कोणास वाटली नाही. ते अद्याप शिल्लक आहे."

वही तिथे संपत होती. खाली रेघ मारलेली होती, दोनदा.

कोणी हसलं नाही. माझा आवाज सगळ्या गल्लीत गेला होता. पलीकडच्या घराच्या खिडकीत दोन बायका उभ्या होत्या. मुरुगेसनने काहीच विचारलं नाही, इस्त्री उचलून बाजूला ठेवली. मला एकदम वाटलं की मी काहीतरी फार वाईट केलं. एका माणसाने अनोळखी अक्षरांत पुरून ठेवलेलं मी चव्हाट्यावर ओरडून सांगितलं होतं. मी मामांकडे बघू शकले नाही.

मामीने पदराच्या टोकाला उगीच एक गाठ मारली आणि सोडली. मग आपल्या मोठ्या आवाजात विचारलं, "अकरा?"

मामांनी मान हलवली.

"आमचं माहेरचं घर त्या फाटकावरून दिसतं. मी त्या ओट्यावर बसून रोज तांदूळ निवडायची. पोटात इतका राग होता, आणि मान वर केली तर रस्ताच दिसायचा, म्हणून मान वर केलीच नाही." ती थांबली. "काय म्हणायचं होतं?"

मामांनी काहीतरी म्हटलं. त्यांचे ओठ हलले तेवढे मला दिसले. समोरच्या रस्त्यावरून एक सायकल गेली. मामीने मान पुढे केली, मग हात नकारार्थी हलवला. मामांचा उजवा हात वर आला, हवेत काही दाखवायला लागला, आणि कसं दाखवावं हे न कळून तसाच राहिला. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला काही सांगता आलं नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

तेव्हा मामी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू, पायरी उतरली, पलीकडची पायरी चढली. मामांच्या शेजारी बसली आणि केस मागे सारून आपला चांगला कान त्यांच्या तोंडाशी नेला. जिने सुनेला तेवढ्यासाठी दोन दिवस वाळीत टाकलं होतं, तिने.

मामांनी सांगितलं. आम्हा कोणालाच ऐकू आलं नाही. जानकी अत्त्या खाली चटईकडे बघत होत्या.

"ऐकू नाही आलं," मामी म्हणाली. "परत सांगा."

मामांनी परत सांगितलं. वाक्य लांब नसावं, एका श्वासात संपलं. मामी तशीच, कान तिथेच ठेवून, समोर रस्त्याकडे बघत बसली होती. तिला खरंच ऐकू येत नव्हतं का, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही सांगता येणार नाही.

"परत," ती म्हणाली.